गाडीची शेड, मागची खोली आणि गल्लीकडची खिडकी

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं संक्षिप्त करून देते.

"आमचं कोपऱ्यावरच्या प्लॉटवर बैठं घर आहे. प्लॉट १२ मीटर रुंद आणि २० मीटर लांब. घर साडेसात बाय बारा. समोर रस्त्याकडे साडेचार मीटर मोकळं, मागे साडेतीन. डाव्या अंगाला १.२ मीटरची बोळ आणि उजवीकडे कंपाउंडपर्यंत ३.३ मीटर जागा. उजवीकडच्या या जागेत गाडीसाठी ६ मीटर लांबीचं गॅरेज करायचं ठरलंय. तिकडे पलीकडे गल्लीच आहे, म्हणजे शेजाऱ्याचा प्रश्न नाही. मागे शेजारच्या भिंतीला लागून ५ बाय ३.२ ची एक खोली काढतोय. सध्या अडगळीसाठी, पण पुढे मुलीला तिथे शिकवण्या घ्यायच्या आहेत, आणि वेळ आली तर भाड्यानेही देता येईल. ठेकेदार म्हणतो, 'पत्र्याचं छप्पर आहे, शेडला परवानगी लागत नाही.' आमचे हे म्हणतात, कागदावर खोलीला 'स्टोअर' लिहू, पुढचं पुढे. मागच्या शेजाऱ्यांनी तोंडी हो म्हटलंय. समोरच्यांनी तर तीन वर्षांपूर्वी असंच गॅरेज बांधलं, त्यांना कुणी काही विचारलं नाही. सोमवारी पाया खणायला सुरुवात आहे, उचल देऊन झाली आहे. माझी शंका एकच. गॅरेजच्या भिंतीत आमच्या निजायच्या खोलीची खिडकी येते, आणि त्या खोलीला तेवढी एकच खिडकी आहे. ती ठेवावी की बुजवून टाकावी?"

ताई, नमस्कार.

खिडकी ठेवूही नका आणि बुजवूही नका. गॅरेज तिथून हलवा.

हे ऐकायला आडमुठेपणाचं वाटेल, म्हणून कारण सांगते. सुरू असलेल्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. थंडीच्या सकाळी गाडी दोन मिनिटं चालू ठेवून कुणी किल्ली, डबा, चष्मा आणायला आत गेलं, तर त्या बंदिस्त जागेतली हवा जाणार कुठे? तुमच्या बेतात ती थेट निजायच्या खोलीत जाणार. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी आपापल्या फेरफारांसह स्वीकारलेली जी निवासी बांधकाम संहिता आहे, तिच्यात गॅरेजमधून थेट निजायच्या खोलीत उघडणारी कोणतीही फट, दार किंवा खिडकी चालत नाही. गॅरेजमधून घरात यायचं दारसुद्धा साधं पोकळ फळीचं चालत नाही. ते साधारण ३५ मिलिमीटर जाडीच्या भरीव लाकडाचं किंवा आगीला २० मिनिटं तोंड देईल असं लागतं, कारण गाडीबरोबर पेट्रोल येतं, तेल येतं आणि बहुतेकांकडे रंगाचे अर्धे डबेही तिथेच मुक्कामाला असतात.

मग बुजवली तर? तर ती खोली राहण्याची खोली उरत नाही. माणसं जिथे झोपतात त्या खोलीला बाहेरचा उजेड आणि वारा मिळालाच पाहिजे, ही अट जवळजवळ प्रत्येक बांधकाम नियमावलीत असते. गॅरेज बांधताना तुम्ही घरातली एक मंजूर खोली रद्द करत असाल, तर नकाशा तपासणारा माणूस आधी नेमकं तिथेच बोट ठेवेल. आणि तो नाही आला, तरी रात्री त्या खोलीत तुम्हालाच झोपायचं आहे.

आता गल्लीकडे येऊ. माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात महाग शब्द 'गल्ली' हाच आहे.

"पलीकडे गल्ली, म्हणजे शेजाऱ्याचा प्रश्न नाही," असं तुम्ही लिहिलंत. नियमांच्या नजरेतून हे उलटं दिसतं. शेजारी समजूतदार असू शकतो, रस्ता नसतो. घराभोवती जी जागा मोकळी सोडावी लागते, तिला कागदोपत्री 'सामासिक अंतर' म्हणतात, आपण सगळे 'मार्जिन' म्हणतो. रस्त्याकडचं मार्जिन सगळ्यात मोठं असतं आणि त्यात सवलत सगळ्यात कमी मिळते. मागच्या आणि बाजूच्या मार्जिनमध्ये छोट्या जोडबांधकामांना बऱ्याच ठिकाणी मुभा असते. आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटला रस्ते दोन असतात. त्यामुळे तुम्ही ज्याला 'उजवी बाजू' म्हणता, ती अनेक नियमावल्यांच्या दृष्टीने घराचं दुसरं तोंड आहे. गल्लीची रुंदी किती आणि ती सार्वजनिक रस्ता म्हणून नोंदलेली आहे की खासगी वाट म्हणून, यावर तिथे किती अंतर सोडायचं ते ठरतं. आजची रुंदी आणि विकास आराखड्यात दाखवलेली रुंदी वेगळी असू शकते, हेही लक्षात ठेवा. अशा वेळी अंतर मोजतात ते आराखड्यातल्या रेषेपासून, कंपाउंडपासून नाही.

शिवाय कोपरा म्हटला की दृष्टीचा प्रश्न येतो. दोन रस्ते मिळतात तिथे वळणाऱ्या गाडीला समोरून येणारं पोर दिसलं पाहिजे, म्हणून कोपऱ्याजवळचा एक त्रिकोणी तुकडा बऱ्याच ठिकाणी उंच भिंती आणि शेडविना ठेवावा लागतो. तुमचं गॅरेज कोपऱ्यापासून साडेचार मीटर मागे सुरू होतं, तेव्हा कदाचित ते या त्रिकोणातून सुटेल. सामासिक अंतरातून मात्र सुटणं कठीण आहे, कारण गल्लीच्या हद्दीपासून त्याचं अंतर शून्य आहे.

ठेकेदाराचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, अर्धं खरं आहे. अर्धं खरं जास्त नडतं. लहान शेडला सूट अनेक देशांत आहे. जपानमध्ये अग्निप्रतिबंधक क्षेत्रांच्या बाहेर, आहे त्या घराच्या आवारात १० चौरस मीटरपर्यंतची वाढ बांधकाम-तपासणीच्या अर्जाविना करता येते. वर ज्या अमेरिकी संहितेचा उल्लेख केला, तिच्यात २०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १८.६ चौरस मीटरच्या, एकमजली सुट्या शेडला बांधकाम परवाना लागत नाही. तुमचं गॅरेज ३.३ गुणिले ६, म्हणजे १९.८ चौरस मीटर. शिवाय ते सुटंही नाही, घराला चिकटलेलं आहे. इंग्लंडमध्ये तर अशी सूट बऱ्यापैकी उदार आहे : एकमजली असावं, घराच्या दर्शनी भागाच्या पुढे नसावं, छपराची वळचण अडीच मीटरपेक्षा उंच नसावी, दुपाखी छप्पर ४ मीटरपर्यंत, इतर छप्पर ३ मीटरपर्यंत, आणि हद्दीपासून २ मीटरच्या आत असेल तर एकूण उंची अडीच मीटरच्या आतच.

मात्र या साऱ्या सवलतींमध्ये 'पत्र्याचं छप्पर' हा शब्द कुठेच नाही. मोजमाप असतं ते क्षेत्राचं, उंचीचं, हद्दीपासूनच्या अंतराचं आणि वापराचं. वर पत्रा टाकला की कॉलम, भिंती आणि जोतं अदृश्य होतात, ही ठेकेदारांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली श्रद्धा आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते. परवानग्या दोन प्रकारच्या असतात. एक विचारते, 'इथे हे उभं राहू शकतं का?' म्हणजे अंतर, उंची, किती जमीन व्यापली, वापर काय. दुसरी विचारते, 'हे नीट उभं राहील का?' म्हणजे पाया, लोखंड, आग, वायरिंग. कुठे या दोन्ही एकाच अर्जात असतात, कुठे दोन वेगळ्या खिडक्यांवर. दुसरीतून सूट मिळाली म्हणून पहिलीतून मिळत नाही. अमेरिकी संहितेतली २०० चौरस फुटांची सूट अशीच आहे. परवाना लागला नाही तरी हद्दीपासूनचं अंतर पाळावंच लागतं. "परवानगी लागत नाही" असं कुणी म्हणालं की विचारा, "कोणती?"

तुम्ही कोणत्या गावाच्या हद्दीत राहता ते पत्रात लिहिलेलं नाही. त्यामुळे मी आकडा सांगत नाही, आणि जो पत्ता न विचारता आकडा सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एका महाराष्ट्रातसुद्धा मुंबई महापालिकेच्या हद्दीत वेगळी नियमावली आणि उरलेल्या बहुतेक राज्यासाठी डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत नियमावली, असा फरक आहे. रस्त्याच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा, ही थट्टा नाही.

आता मागची खोली. इथे मला तुमच्या यजमानांशी जरा वाद घालायचा आहे.

"कागदावर स्टोअर लिहू, पुढचं पुढे." असं करू नका. भीती घालायची म्हणून म्हणत नाही, यात तुमचंच नुकसान आहे म्हणून म्हणते. जोडबांधकामांना जी सवलत मिळते, ती मुळात 'इथे कुणी राहत नाही' या एका गृहीतकावर मिळते. जर्मनीच्या नमुना बांधकाम संहितेत गॅरेज किंवा अडगळीची खोली चक्क शेजाऱ्याच्या हद्दीला टेकवून बांधता येते : भिंतीची सरासरी उंची ३ मीटरपर्यंत, एका हद्दीवर लांबी ९ मीटरपर्यंत. पण अट अशी की त्यात माणसांच्या वावराची खोली नको आणि चूल-शेगडी नको. इंग्लंडच्या सवलतीतही आवारातली खोली घराच्या वापराला पूरक असली पाहिजे. तिथे स्वतंत्र राहण्याची सोय केली की सूट संपते. म्हणजे ज्या दिवशी तुमच्या 'स्टोअर'मध्ये भाडेकरू पलंग टाकेल, त्या दिवशी भिंतीची एकही वीट न हलता बांधकाम बेकायदा होईल. आणि तेव्हा ते नियमात बसवायला जागा उरलेली नसेल, कारण राहत्या खोलीला हद्दीपासून जे अंतर लागतं ते तुम्ही आधीच गिळलेलं असेल. मागच्या भिंतीत शेजाऱ्याकडे उघडणारी खिडकी ठेवता येणार नाही, म्हणजे वारा नाही. स्वच्छतागृह हवं तर मैलापाण्याची जोडणी दाखवावी लागेल, ती स्टोअरला कशाला लागते?

वापरावरून एवढं काहूर का, असं वाटेल. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर ओहायो राज्यातल्या युक्लिड नावाच्या एका लहान गावाचा खटला आला होता. गावाने कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने, असे विभाग आखले होते आणि एका जमीनमालक कंपनीने त्याला आव्हान दिलं होतं. गाव जिंकलं. निकालात न्यायमूर्तींनी दिलेला दाखला मला फार आवडतो : उपद्रव म्हणजे कित्येकदा चुकीच्या जागी असलेली बरोबर गोष्ट, जसं गोठ्याऐवजी दिवाणखान्यात आलेलं डुक्कर. शिकवणी ही चांगली गोष्ट आहे. पण शेजाऱ्याच्या निजायच्या खोलीला लागून, संध्याकाळी वीस मुलं आणि त्यांच्या वीस सायकली, हे त्याच शेजाऱ्याला अंगणात काय, कानातही नको असेल.

दिशा उलटीही फिरू शकते, हेही सांगते. घरांची टंचाई झाली की राज्यकर्ते अशाच खोल्यांकडे आशेने बघतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासूनच्या कायद्यांनी आवारातल्या जोडघरांना मोकळीक दिली. मागच्या आणि बाजूच्या हद्दीपासून ४ फुटांपेक्षा जास्त अंतर शहरांना मागता येत नाही, आणि गॅरेजचं घर केलं तर गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात नवं पार्किंग दाखवा असंही म्हणता येत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला जपान आहे. १९६२ च्या कायद्यामुळे तिथल्या बहुतेक भागात गाडी नोंदवायची तर ती उभी करायला राहत्या ठिकाणापासून २ किलोमीटरच्या आत जागा आहे, हे आधी दाखवावं लागतं. एकीकडे गॅरेज नसलं तर गाडी मिळत नाही, दुसरीकडे गॅरेजचं घर करा म्हणून सरकार मागे लागतं. तेव्हा भाड्याची खोली हा विचार वाईट नाही. फक्त तो लपवून करण्यासारखा नाही. तुमच्याकडे उद्या असा नियम आला, तर लाभ त्याला मिळेल ज्याच्याकडे मंजूर नकाशा आहे.

आता जरा बेरीज करू, पेन्सिल घेऊन. प्लॉट २४० चौरस मीटर. घराने ९० व्यापले. गॅरेज १९.८, खोली १६. एकूण १२५.८. आता समजा तुमच्याकडे निम्मा प्लॉट झाकायची मुभा आहे (इंग्लंडमध्ये मूळ घराभोवतालच्या जागेच्या निम्म्यापर्यंत जोडबांधकामं चालतात, इतरत्र हे प्रमाण कमी-जास्त आणि मोजायची पद्धतही वेगळी). म्हणजे १२० चौरस मीटर. तुम्ही ५.८ ने बाहेर गेलात. म्हणजे गल्लीचा आणि खिडकीचा प्रश्न नसता, तरी गॅरेज आणि खोली दोन्ही मिळून बसली नसती. दोन्हींपैकी एकच, असं गणित आहे.

मला विचाराल तर एक वेगळी मांडणी सुचते. तुमच्या मागच्या मोकळ्या पट्ट्याची लांबी गल्लीच्या हद्दीपासून डावीकडच्या हद्दीपर्यंत पूर्ण १२ मीटर आहे. गल्लीकडच्या मागच्या टोकाला फाटक काढा. गाडी तिथून आत येईल आणि पट्ट्यात सरळ पुढे जाईल. पहिले ६ मीटर मोकळे, पुढचे ६ मीटर गॅरेज, अगदी आतल्या कोपऱ्यात. रस्त्यांपासून ते सगळ्यात लांब, आणि मागच्या कोपऱ्यातल्या गॅरेजला नियम बहुतेक ठिकाणी त्यातल्या त्यात नरम असतात. शटर उघडेपर्यंत गाडी तुमच्याच आवारात उभी राहील, शेपूट गल्लीत ठेवून नाही. तुमची खिडकी वाचली. बेरीजही बसते : ९० अधिक ६ गुणिले ३, म्हणजे १०८.

यात अडचण नाही असं नाही. मागचा पट्टा साडेतीन मीटरच आहे, त्यात बाहेरून ३ मीटरचं गॅरेज शेजाऱ्याच्या हद्दीला लावलं तर घराच्या मागच्या भिंतीपासून जेमतेम अर्धा मीटर उरतो. तिथे स्वयंपाकघराची खिडकी असेल तर तोच प्रश्न मागच्या दाराने परत आला. मग चारी भिंतींचं गॅरेज सोडून द्या आणि खांबांवर नुसतं छप्पर करा, बाजू उघड्या. धूर कोंडत नाही, उजेड अडत नाही, आणि अनेक ठिकाणी उघड्या छपराला बंदिस्त गॅरेजपेक्षा सोपे नियम असतात. गाडीला ऊन-पावसापासून वाचवायचं असेल तर एवढं पुरतं. गॅरेजच्या भिंती खरं तर गाडीसाठी नसतातच, अडगळीसाठी असतात. कोणत्याही मोठ्या गॅरेजमध्ये डोकावून बघा, गाडी बाहेर उभी असते.

आणि शिकवणीची खोली? ती सध्या घरातच एखाद्या खोलीत सुरू करा. घरात राहणाऱ्याने घरातच थोड्या प्रमाणात केलेला व्यवसाय बहुतेक ठिकाणी चालतो, फक्त विद्यार्थी, पाट्या आणि वर्दळ यांवर मर्यादा असतात. पुढे खरंच वेगळी खोली हवी असेल तर घराच्या वर बांधण्याचा विचार करा. तिला जमीन लागत नाही, फक्त पाया तेवढा भार पेलेल का ते अभियंत्याकडून तपासून घ्यावं लागेल आणि रीतसर परवानगी काढावी लागेल. अर्ज आत्ताच करणार असाल तर नकाशावर हा 'भविष्यातला' मजला तुटक रेषेत दाखवायला सांगा. तपासणाऱ्याला तुमचा बेत कळतो आणि आत्ताचं गॅरेज पुढच्या जिन्याच्या वाटेत येत नाही ना, हे तुम्हालाही कळतं.

शेजाऱ्यांच्या तोंडी होकाराबद्दल थोडंसंच. होकार मिळाला हे चांगलं झालं, तो लेखी घ्या. पण त्याने नियम बदलत नाही. काही ठिकाणी शेजाऱ्याच्या संमतीने हद्दीपासूनचं अंतर कमी करता येतं, तिथेसुद्धा ती संमती प्राधिकरणाकडे नोंदवावी लागते. शिवाय त्यांनी हो म्हटलं ते भिंतीला. छपराच्या पाण्याला म्हटलंय का? पत्र्याचा उतार आपल्याच आवारात ठेवा आणि पन्हळ लावून पाणी खाली आणा. शेजाऱ्याच्या भिंतीवर पहिल्या पावसात जी धार पडते, तिच्यामुळे जितकी वैरं झाली आहेत तितकी जमिनीमुळेही झाली नसतील.

समोरच्यांचं गॅरेज हा पुरावा नाही. त्यांनी परवानगी काढली असेल आणि तुम्हाला सांगितली नसेल. त्यांचा प्लॉट कोपऱ्यावरचा नसेल, तर नियमही वेगळा असेल. किंवा त्यांनाही अजून कुणी विचारलेलं नसेल. 'कुणी विचारलं नाही' यावर विसंबणाऱ्यांसाठी इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. परवानगी न काढता त्याने बुरुजांसकट गढीसारखं घर बांधलं आणि गवताच्या गठ्ठ्यांची भलीमोठी भिंत रचून ते झाकून ठेवलं. चार वर्षं कुणी हरकत घेतली नाही तर कारवाई करता येत नाही, असा तेव्हा नियम होता. चार वर्षं कुटुंबासह आत राहून २००६ मध्ये त्याने गठ्ठे हटवले. न्यायालय म्हणालं, गठ्ठे हा बांधकामाचाच भाग होता, तेव्हा मुदत गठ्ठे हटल्यावर सुरू झाली. २०१६ मध्ये ते घर पाडावं लागलं. ती चार वर्षांची मुदतसुद्धा इंग्लंडने एप्रिल २०२४ पासून दहा वर्षांवर नेली आहे.

आपल्याकडच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात विनापरवाना बांधकाम पाडण्याची नोटीस देण्याची तरतूद आहे आणि नोटिशीच्या मुदतीत ते राखण्यासाठी अर्जही करता येतो. पण तो अर्ज म्हणजे माफीची खिडकी नव्हे. जे नियमात बसलंच नसतं, ते उभं राहिलं म्हणून बसत नाही. आणि घर विकायच्या वेळी बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊन येतो तेव्हा ही शेड त्याला सगळ्यात आधी दिसते.

आणखी एक कागद बघा, जो सहसा कुणी बघत नाही : तुमचं खरेदीखत आणि प्लॉट ज्या ले-आउटमधला आहे त्याच्या अटी. सरकारी नियमांपेक्षा त्या कडक असू शकतात. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात नेहमीसारखं वापरानुसार विभाग पाडणारं झोनिंग नाहीच, आणि तरीही अनेक वसाहतींत काय बांधायचं ते खरेदीच्या कागदांतल्या अटींनी ठरतं, आणि शहर स्वतः त्या अटी अमलात आणायला न्यायालयात जाऊ शकतं. सरकारी परवानगी मिळाली म्हणून सोसायटीची हरकत संपत नाही.

हद्दीबद्दल मी स्वतः एकदा तोंडघशी पडले आहे, म्हणून सांगते. माझ्या घराच्या मागे बागेच्या हत्यारांसाठी लहानशी शेड घालताना मी कंपाउंडपासून अंतर मोजलं. इतरांचे नकाशे तपासणारी बाई, स्वतःच्या घरी टेप लावून मोकळी झाले. जोतं झाल्यावर मोजणी करून घेतली तेव्हा कळलं, कंपाउंड हद्दीच्या ४० सेंटिमीटर बाहेर होतं, म्हणजे शेजाऱ्याच्या जमिनीत. तेवढी शेड पुढे आली. जोतं फोडलं, पुन्हा घातलं, आणि कंपाउंडचा प्रश्न वेगळाच उभा राहिला. कंपाउंड म्हणजे कुणीतरी कधीतरी बांधलेली भिंत. हद्द म्हणजे मोजणीच्या नकाशावरची रेषा. दोन्ही एकच असतील असं धरून चालू नका.

जमिनीखालचंही बघून घ्या. मागच्या पट्ट्यात सेप्टिक टाकी, पाण्याची टाकी किंवा गटाराची लाइन असेल तर तिच्यावर बांधता येणार नाही. वरून वीजवाहिनी जात असेल तर छपराची उंची ती ठरवेल. गाडीच्या वाटेवर सरसकट काँक्रीट ओतू नका, चाकांपुरते दोन पट्टे करा, पाणी मुरू दे. इंग्लंडमध्ये २००८ पासून घरासमोरचं अंगण ५ चौरस मीटरपेक्षा जास्त पाणी न मुरणाऱ्या फरशीने झाकायचं आणि पाणी आवारात जिरवायचं नाही, तर त्यालाही परवानगी लागते.

राहता राहिला सोमवार. ठेकेदाराला आजच फोन करा. उचल परत मागू नका, त्याने ती खर्च केलेली असेल आणि उगाच कटुता येईल. ती याच कामापोटी धरायची, फक्त काम परवानगीनंतर, एवढं दोन ओळींत लिहून त्याची सही घ्या. तो म्हणेल, "ताई, मजूर ठरलेत." त्याला मोजणीसाठी झाडोरा काढून हद्दीच्या खुणा मोकळ्या करायला सांगा, कंपाउंडजवळची रोपं हलवायला सांगा. पाया सोडून बरंच काम निघतं.

मंगळवारी मंजूर नकाशा, खरेदीखत आणि एका कागदावर हातानेच काढलेलं आवाराचं चित्र घेऊन नगररचना विभागात जा, किंवा परवानाधारक आर्किटेक्टकडे. विचारायचे प्रश्न हे : गल्लीची आराखड्यातली रुंदी किती, गल्लीकडचं मार्जिन समोरचं धरतात की बाजूचं, मागच्या कोपऱ्यात गॅरेज किंवा उघडं छप्पर चालतं का आणि किती उंच, गल्लीवर दुसरं फाटक काढता येतं का, आणि किती जमीन झाकता येते. फाटकाचा प्रश्न विसरू नका. माझी सगळी मांडणी त्या फाटकावर उभी आहे, आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटला काही ठिकाणी एकच प्रवेश देतात. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. अर्ज द्या आणि पोच घ्या.

फाटक नाकारलं तर उजवीकडच्या ३.३ मीटर जागेत, छपराविना, गाडी उघड्यावर उभी करा आणि वरून कापडी आच्छादन घाला. खिडकीपासून मात्र तिचं मागचं टोक लांब राहील अशी लावा, आणि सुरू केली की लगेच निघा.